जुलेखाभाभीचा शुक्रवार

जुलेखाभाभीच्या घरी शुक्रवारी दुपारी जायचं तर तीन गोष्टी पाळाव्या लागत. चपला बाहेर काढायच्या, पंखा मागायचा नाही आणि कॉम्प्युटरच्या उघड्या बाजूला उभं राहायचं नाही. पहिली गोष्ट सगळ्याच घरांत असते. बाकीच्या दोन मी महाडात दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिल्या नाहीत.

टेबलफॅन तिच्या घरात एकच होता आणि शुक्रवारी तो माणसांसाठी नसे. कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण तिने कायमचं काढून पलंगाखाली सरकवलं होतं. आतल्या सर्किटच्या हिरव्या पाटीवर पंख्याचा झोत सोडून ती स्वतः घामाने निथळत शेजारी बसायची. कोणी मध्ये आलं तर मान न वळवता म्हणायची, "बाजूला हो गो, वारा अडवतेस."

आमच्या दोघींच्या घरांची भिंत एक. मी शाळेच्या ऑफिसात होते आणि सरकारी कॉम्प्युटर कोर्स केलेला, त्यामुळे गल्लीत कॉम्प्युटरवाली म्हणून माझं नाव होतं. प्रत्यक्षात पत्रं टाइप करणं आणि याद्या नीट लावणं, एवढंच मला येई. भाभीला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला अक्षरं जुळवून देणारं कोणीतरी शेजारी हवं होतं, आणि मी शेजारी होते.

ती पंचेचाळीशीची असेल. उभ्या अंगाची, सावळी, ओढणीच्या कडेला दोन सुया कायम टोचलेल्या. शाळेचे गणवेश शिवायची. दोरा दातात धरून बोलायची सवय, त्यामुळे तिचं बोलणं अर्ध्या बंद ओठांतून यायचं आणि सगळं बोलणं टोमण्यासारखं वाटायचं. पुष्कळदा ते टोमणाच असायचं.

तब्येतीच्या बाबतीत ती कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसे. "बरी आहे" असं म्हटलं की ती जवळ येई, खालची पापणी ओढून बघे, जीभ काढायला लावे. एकदा माझ्या सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, मी सांगतेय ना, मला काही होत नाही." भाभी म्हणाली, "तुमी सांगताय ते ऐकलं. आता हात द्या." आणि नखं दाबून बघत बसली.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर लांबलांबून माणसं येतात. त्या दिवशी ती दाराबाहेर पाण्याचं पिंप ठेवायची. पलीकडचे दुकानदार एकदा त्यात बर्फाची लादी टाकायला आले, तर तिने त्यांना हाताने मागे सारलं. "उन्हातून आलेल्या माणसाला एकदम गार नको. बाधतं. साधं पाणी दे, सावली दे, बस." दुकानदार म्हणाले, "भाभी, पुण्य आम्हालापण थोडं मिळू दे." ती म्हणाली, "तुमच्या दुकानात पंखा लावा, मिळंल."

तिचा नवरा हनीफभाई आखातात शटरिंगचा सुतार होता. उंच इमारतींच्या स्लॅबला फळ्या ठोकायचं काम, सगळं उघड्यावर. दोन वर्षांतून एकदा घरी येई. माणूस हसरा, बोलका, आणि स्वतःच्या दुखण्याबद्दल पक्का खोटारडा. एका खेपेला तो आला आणि अंघोळीला बसला, तेव्हा भाभीला त्याच्या पोटावर वीतभर व्रण दिसला. आतडं फुटून त्याचं ऑपरेशन झालं होतं, तो पंधरवडाभर इस्पितळात पडून होता, आणि त्या सगळ्या काळात फोनवर "मी मस्त हाय, तू कशी हायस" चालू होतं.

ती गोष्ट मला सांगताना तिने मशीन थांबवलं होतं. एरवी ती मशीन चालवतच बोलायची.

"फोनात माणसाचा आवाज येतो, माणूस येत नाय," ती म्हणाली. "मला यांचं तोंड बघायचंय, सुनंदा. दर आठवड्याला. मग मी बघते कसे खोटं बोलतात ते."

कॉम्प्युटर आला तो या हट्टापायी. गल्लीत टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट नुकतं आलं होतं, आणि तिकडे हनीफभाईच्या कामगार-छावणीजवळ कॅमेरा असलेलं सायबर कॅफे निघालं होतं. त्याने तिथल्या एका ऑफिसातून मोडीत काढलेलं मशीन सुट्टीवर येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलं. शुक्रवारी त्याला सुट्टी. जुम्म्याची नमाज झाली की तो कॅफेत येई, इकडे ही पंखा घेऊन बसे.

पण ते मशीन जुनं. आवाज कसाबसा येई, चित्र मात्र अडकत अडकत. नवऱ्याचं कपाळ एका जागी आणि हनुवटी चौकोनी तुकड्यांत दुसरीकडे. भाभी पडद्याला नाक लावून बघायची आणि चिडायची, "हे काय तोंड हाय? ही तर गोधडी."

तिचा दीर इसाक मुंब्र्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करी. बकरी ईदला तो आला आणि त्याने मशीन सुरू होताना एक बटण दाबून निळा पडदा काढला, त्यातले आकडे वाढवले. ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मशीन जास्त पळवायचं, याला ओव्हरक्लॉक म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तोंड एकदम जुळलं. हनीफभाई पलीकडून हात हलवत होता आणि हात हातासारखा हलत होता. भाभीने नाक पडद्यापासून मागे घेतलं. नुसती बघत राहिली. त्याच्या शर्टाची कॉलर विरली आहे हे तिने सगळ्यात आधी सांगितलं.

जाताना इसाकने बजावलं, "भाभी, आता ही मशीन गरम होणार. मेन प्रोसेसरवर मोठा पंखा हाय, त्याची काळजी नाय. हा बघ, ह्यो छोटा पंखा, ह्याच्याखाली चिपसेट हाय. सगळी ये-जा ह्याच्यातून. पोलादपूरचा नाका कसा? घाटात जायचं असू दे नायतर खेडला, नाक्यावरूनच जायला लागतं. नाका तुंबला की सगळं उभं."

"मग त्याला एवढासा पंखा?"

"कंपनीला विचार."

तो छोटा पंखा नाण्याएवढा होता, आणि उन्हाळ्याच्या आधीच तो किरकिरायला लागला. किरकिर वाढली की थांबे, आणि तो थांबला की काही मिनिटांत पडदा जागच्या जागी गोठे. हनीफभाईचं तोंड अर्धवट उघडं राही. भाभी बोटाची मागची बाजू त्या चिपेजवळ नेई आणि झटकन मागे घेई. "ताप चढला," म्हणायची.

तिने पहिला उपाय शिलाई मशीनवरून काढला. पंख्यावरचा कागद नखाने उचलला आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडला. पंखा गप्प फिरायला लागला. पुढे काही आठवडे तेच चाललं. मग एक दिवस तो बोटाने ढकलूनही फिरेना.

महाडात तसला पंखा मिळाला नाही. मग आम्ही दोघी एसटीने पोलादपूरला गेलो. तिथे सकपाळांचं रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. गणपतीत आणि लग्नसराईत वाजणारे सगळे ॲम्प्लिफायर आजारी पडले की त्यांच्याकडे. भाभीने त्यांच्यासमोर मेलेला पंखा ठेवला.

सकपाळ चष्मा वर करून म्हणाले, "हा कुठला गो? खेळण्यातला?"

"माझ्या नवऱ्याच्या तोंडाचा हाय."

सकपाळांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी भंगाराच्या खोक्यात हात घालून ॲल्युमिनियमचा एक पात्यापात्यांचा ठोकळा काढला. "जुन्या ॲम्प्लिफायरचा हाय. ह्याला पंखा लागत नाय, उष्णता ह्या पात्यांतून जाते. पण खाली ही पांढरी पेस्ट लावायची. पातळ. भाकरीवर लोणी थापतात तशी नाय."

"तुमच्या घरी लोणी थापतात?"

"थापायचे. बायको डॉक्टरकडं जाऊन आली, बंद झालं."

घरी येऊन तिने तो ठोकळा चिपेवर बसवला आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्याने बांधला, पाटीच्या भोकांतून दोरा काढून, गणवेशाला बटण लावतात तसा. पेस्ट पहिल्यांदा जास्तच झाली, पुसून पुन्हा लावली. वर टेबलफॅन. त्या शुक्रवारी मशीन तासभर चाललं.

मी तिला एकदा म्हटलं होतं, "भाभी, इसाकने वाढवलेलं परत कमी करू. गरम व्हायचं थांबेल."

"आणि तोंड?"

"तोंड तुटेल थोडं."

"मग ठेवलाय कशाला कॉम्प्युटर?"

आकडे होते तिथेच राहिले.

मे महिन्याच्या सुरुवातीला तिने पडद्यावर काहीतरी पाहिलं. मी शेजारी बसले होते, मला हनीफभाई नेहमीसारखाच दिसला, थोडा गुबगुबीत. भाभी पडद्याकडे सरकली. मग म्हणाली, "डोळ्यांखाली सूज कसली?"

"झोपून उठलो गो."

"नमाज पढून आलात ना? झोपलात कधी?"

"कॅमेरा स्वस्तातला हाय. सगळ्यांना फुगवून दाखवतो. थांब, सखारामला दाखवतो." आणि त्याने शेजारच्या माणसाला ओढून पडद्यात आणलं. सखाराम म्हणजे पोलादपुराजवळच्या कापडे गावचा, हनीफभाईबरोबर एकाच खोलीत राहणारा. तो लाजत म्हणाला, "नमस्कार भाभी." सखारामचं तोंड फुगलेलं नव्हतं. गालफडं बसलेली दिसत होती.

"तुमी पाय दाखवा," भाभी म्हणाली.

"काय?"

"पँट वर करा आणि पाय दाखवा. नडगीवर अंगठा दाबा."

तिचे सासरे मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेले होते. त्यांच्या वेळी डॉक्टरने तिला दाखवलं होतं, नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरायचा आणि सोडायचा. मांस लगेच भरून आलं तर ठीक. खळगा तसाच राहिला तर अंगात पाणी साठतंय. उन्हात दिवस दिवस काम करणारी, पाणी कमी पिणारी माणसं तिने गल्लीत पुष्कळ पाहिली होती. त्यातली काही आखातातून परत येऊन डायलिसिसला लागली होती.

"कॅफेत लोक बसलेत जुले. काय बोलतील?"

"बोलू दे."

"पुढच्या शुक्रवारी दाखवतो. शप्पथ. आज सखारामची घाई चाललीय."

पडदा बंद झाल्यावर ती मला म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी खळगा दिसला, तर मी सरळ यांच्या साहेबाला फोन लावणार आणि घरी बोलावणार. नाय दिसला, तर गप्प बसेन. पण बघितल्याशिवाय नाय."

तो पुढचा शुक्रवार. महाडात मे महिन्यात हवा हलत नाही, आणि नदीची दमट वाफ घरात बसून राहते. सकाळपासून मशीन दोनदा गोठलं होतं. पत्र्याखालच्या त्या खोलीत टेबलफॅन गरमच हवा ढकलत होता. ठोकळ्याला बोट लावता येत नव्हतं. नमाजेची वेळ होत आली, तशी भाभी उठली, शेजारून बर्फ आणला, तापात डोक्यावर ठेवायच्या रबरी पिशवीत भरला, आणि ती पिशवी ठोकळ्यावर नीट टेकवून ठेवली.

मी म्हटलं, "भाभी, पाणी सांडेल."

"तोंड घट्ट हाय पिशवीचं. एक थेंब येणार नाय."

पिशवीतून खरंच एक थेंब आला नाही. ठोकळा थंडगार झाला. मशीन सुरळीत चालू झालं. हनीफभाई पडद्यावर आला, कधी नव्हे इतका स्वच्छ. डोळे अजून बारीक झाले होते. तो आधी कोणाकोणाची चौकशी करत बसला. भाभी म्हणाली, "पाय."

"अगं, आधी..."

"पाय."

तो हसला. खुर्ची मागे सरकवली, कॅमेरा खाली वळवला. जमीन दिसली, खुर्चीचा पाय दिसला, त्याची चप्पल दिसली. वाकून पँटच्या टोकाला हात घातला.

आणि पडदा काळा झाला.

जळका वास आला. मी स्विच बंद केला. आत पाहिलं तर पिशवीवर बाहेरून घाम सुटला होता, रसाच्या गार तांब्यावर सुटतो तसा. तो घाम ठोकळ्यावरून, दोऱ्यावरून, हिरव्या पाटीवर उतरला होता. पाटीवर बारीक पाण्याचे मणी उभे होते.

भाभीने वेळ घालवला नाही. चप्पल अडकवली आणि माझा दंड धरला. आम्ही एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेपर्यंत जवळजवळ पळत गेलो. तिथे सगळ्या खुर्च्या भरलेल्या. कॉलेजच्या एका मुलीला उठवलं. मी भाभीच्या खात्यात शिरले, तोवर हनीफभाईच्या नावासमोरचा हिरवा ठिपका गेला होता. तिने सांगितलं ते मी लिहिलं, "मशीन जळलं. पाय दिसले नाहीत. परत या." ठिपका आला नाही.

त्या आठवड्यात तिने हनीफभाईला रोज फोन लावला. वाजायचा, कोणी उचलायचं नाही. साहेबाला तिने लावला नाही, पाय अजून बघितले नव्हते. इसाक आला, पाटी उचलून उजेडात धरली आणि ठेवून दिली. "गेली. भाभी, बर्फ कोणी सांगितला?"

"कोणी नाय."

पुढच्या शुक्रवारी आम्ही नमाजेच्या आधीपासून त्या कॅफेत बसलो. हनीफभाई आला नाही. शनिवारी त्याला साइटवरून इस्पितळात नेलं, हे आम्हाला नंतर कळलं. मूत्रपिंडं आधीच निकामी झाली होती. तो शुद्धीवर आला नाही.

दफन तिकडेच झालं. माणूस इकडे आणायचा तर किती दिवस लागतील हे कोणी नीट सांगेना. भाभी म्हणाली, "ठेवू नका. लवकर मातीला लागू दे." दफनाआधी सखारामने एक फोटो काढला होता, तो जूनमध्ये कोणाकडून तरी माझ्या शाळेच्या ईमेलवर पाठवला. भाभी ऑफिसात आली, माझ्या खुर्चीवर बसली. फोटोत फक्त चेहरा होता, हनुवटीपर्यंत पांढरी चादर. चित्र अगदी स्वच्छ होतं. तिने पुष्कळ वेळ पाहिलं. मग विचारलं, "पायांचा नाय पाठवला?"

मी म्हटलं, नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि गणवेशांची मापं घ्यायला आठवीच्या वर्गाकडे गेली. तेव्हा नवं शालेय वर्ष सुरू झालं होतं आणि तिने कापड आधीच आणून ठेवलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला सखाराम सुट्टीवर आला आणि हनीफभाईची बॅग घेऊन आमच्या गल्लीत आला. भाभीने मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. सखाराम पलंगाच्या कडेला बसला होता. चहा त्याने अजून उचलला नव्हता. ती शिलाई मशीनपाशी, हात चाकावर.

"त्या शुक्रवारी," तिने विचारलं, "पँट वर केलीनी का?"

सखाराम माझ्याकडे बघायला लागला.

"तिच्याकडं काय बघतोस. मला सांग."

"केलीन होतीन भाभी. दोन्ही पाय. खांबासारखे झालेले. अंगठा दाबलान, एवढा खळगा पडला. बोलला, बघ गो नीट. आणि मग वर बघितलान तर तुमी नाय. पडदा रिकामा." त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. "त्याला वाटलं तुमी बघितलंत. बघून उठून गेलात."

"मी फोन केले."

"वाजायचे. तो बघायचा आणि उशाखाली ठेवून द्यायचा. मी बोललो, उचल रे. बोलला, नको, आता ती रडंल आणि मी कबूल होईन. ह्या टॉवरचं काम होऊ दे, मग जातोच घरी. पुढच्या शुक्रवारी मी कॅफेला चल बोललो, तर बोलला, बघितलंय तिनं, आता आणि काय दाखवू."

भाभीने चाक थोडं फिरवलं, सुई कापडात गेली आणि वर आली. मी सखारामला चहा घ्यायला सांगितलं. गार झाला होता, तरी त्याने तो घेतला. त्याने बॅग उघडून वस्तू एकेक करून बाहेर ठेवल्या, ती नुसती बघत राहिली. एकही उचलली नाही.

तो निघायला उठला. कधी परत जाणार, असं मी सहज विचारलं. म्हणाला, महिन्याभरात, त्याच साइटवर.

भाभी उठली. सखाराम दारात एका हाताने चौकट धरून चप्पल घालत होता. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"पँट वर कर."

"भाभी, काय हे. नको."

"वर कर रे."

पलीकडचे दुकानदार बघत होते. सखारामने लाजून एक पाय उघडा केला. तिने अंगठा त्याच्या नडगीवर ठेवला आणि दाबला. दाबून धरला. गल्लीतून एक रिक्षा गेली, तिच्या मागून दोन मुली सायकली ढकलत गेल्या. मग तिने अंगठा काढला आणि वाकून, अगदी जवळून, त्या जागेकडे बघत राहिली.

"दुसरा," ती म्हणाली.